बारा कप, अकरा ताटल्या

६ जुलै २०१४, रविवार, सकाळी नऊ

आजपासून रोजनिशी. ही वही माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही, तेव्हा खोटं लिहायचं काही कारणच नाही.

विभाला सिंगापूरहून पुण्याला जाऊन आठ दिवस झाले. तिच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. तीन महिन्यांत परत येईल. हा माझा अंदाज. एकवीस वर्षं मी सॉफ्टवेअर प्रोजेक्टच्या तारखा ठरवतो आहे, माझे अंदाज फार तर दोन-चार आठवड्यांनी चुकतात.

चांगी विमानतळावर आत जाताना ती म्हणाली, पद्मनाभ, मी परत येणार नाहीये, तुला कळतंय ना. मी म्हटलं, हो हो, पोचलीस की मेसेज टाक. तिथे गोंगाट फार असतो. दमलेला माणूस काहीही बोलून जातो.

संकल्प: रोज सकाळी पार्कला तीन फेऱ्या. चहात साखर अर्धा चमचा. विभाला दर रविवारी फोन करायचा आणि मुख्य म्हणजे तिचं ऐकून घ्यायचं. मी ऐकत नाही अशी तिची तक्रार आहे. ती ही तक्रार वीस वर्षं करते आहे, हे मला पक्कं माहीत आहे, म्हणजे ऐकलेलंच आहे की.

७ जुलै, सोमवार

फेऱ्या नाहीत. बूट विभाने कुठे ठेवलेत ते सापडले नाहीत.

१३ जुलै, रविवार

विभाला फोन. कोथरूडच्या एका शाळेत लायब्ररीचं काम धरलं म्हणाली. चांगलं आहे. आईचे गुडघे बरे होईपर्यंत वेळ जायला काहीतरी हवंच. ती पुढेही काही सांगत होती, पण मला आमच्या टॅम्पिनीसच्या घराच्या लीजचं सांगायचं होतं, ते आधी सांगून घेतलं. मग तिला जायचं होतं.

बूट सापडले. बुटांच्या कपाटात होते.

२० जुलै, रविवार, दुपारी

मोठा शोध.

बुकित तिमाहला कोणीतरी देश सोडून चाललं होतं म्हणून घरातलं सामान विकायला काढलं होतं. मी गेलो टेबल फॅन बघायला. तिथे एक काचेचा सेट दिसला. पानाच्या आकाराची लांबट ताटली, तिच्यावर द्राक्षांचे घोस, एका टोकाला गोल खळगा आणि त्या खळग्यात बरोब्बर बसणारा छोटा कप. खाणं आणि चहा एकाच हातात. याला स्नॅक सेट म्हणतात. साच्यात काच दाबून केलेला, पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा, अमेरिकन. ही माहिती विकणाऱ्या बाईंनी दिली. आता ती मला आहे.

ताटली हातात घेतली आणि आठवलं. २००६ साली माझ्या तेव्हाच्या बॉसकडे आम्ही याच भागात जेवायला गेलो होतो, तिथे अशाच ताटल्या होत्या. परत येताना बसमध्ये विभा म्हणाली होती, किती शहाणपणाची वस्तू आहे, पाहुण्याला कप कुठे ठेवू असं होत नाही; आपल्याकडे अशा असत्या तर मीही चार बायकांना बोलावलं असतं. मी म्हटलं होतं, या म्हणणं सोपं असतं, जा म्हणणं अवघड.

म्हणजे मुद्दा असा. वीस वर्षांत आमच्या घरी कोणी आलं नाही. विभाचा समज असा की मला घरात माणसं नको असतात. खरं कारण क्रॉकरी. ऑफिसात आम्ही याला रूट कॉज म्हणतो. तो सापडला की अर्धं काम झालंच.

प्लॅन: असे बारा सेट जमवायचे. येत्या संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्या घरी. विभा येते, बघते, राहते.

फॅन घेतला नाही.

२७ जुलै, रविवार

विभाला फोन. आज ऐकायचंच असं ठरवून केला. चाळीस मिनिटं बोललो. साच्यातली काच कशी ओळखायची ते तिला नीट समजावून सांगितलं: कडेला बोट फिरवलं की साच्याचा जोड लागतो. हळदीकुंकवाचं मात्र बोललो नाही, ते सरप्राइज. ती अजिबात मधे बोलली नाही. इतक्या शांतपणे ती पूर्वी कधी ऐकत नसे. पुण्याची हवा मानवलेली दिसते.

३ ऑगस्ट, रविवार

सुंगेई रोडचा जुना बाजार. रस्त्यावर प्लॅस्टिक पसरून म्हातारे बसतात आणि मेलेल्या माणसांच्या घरातल्या वस्तू विकतात. घड्याळं, चष्मे, फोनचे चार्जर. तिथे टे नावाचे एक अंकल आहेत, सत्तरीचे, छत्रीखाली बसतात. त्यांच्याकडे दोन सेट मिळाले. द्राक्षांचेच.

अंकलना हिशेब कळेना. हाउसमध्ये हाउ मेनी पीपल, असं विचारलं. मी म्हटलं सध्या वन. ते म्हणाले, वन पर्सन ट्वेल्व कप फॉर वॉट? मी म्हटलं, माय वाइफ इज कमिंग बॅक. ते म्हणाले, ओह, गुड लाह, आणि कप वर्तमानपत्रात गुंडाळताना एक जास्तीचा कागद लावला.

बुकित तिमाहचा धरून एकूण तीन.

१० ऑगस्ट, रविवार

सेट ठेवायला जागा हवी म्हणून स्वयंपाकघरातलं वरचं कपाट रिकामं करायला घेतलं. मागे एक खोकं निघालं. त्यात वाणं. विभाला पंधरा वर्षांत सिंगापुरात लोकांच्या हळदीकुंकवाला मिळालेली सगळी. चहाच्या गाळण्या, स्टीलच्या वाट्या-ताटल्या, प्लॅस्टिकच्या टोपल्या, कुंकवाचे करंडे. एकही वापरलेलं नाही. प्रत्येकाला कागदाची पट्टी, तिच्या अक्षरात: नंदा, २००३. मधुमती, २००८. सुचित्रा, २०११.

पट्ट्या कशाला, असं मनाशी म्हणत होतो. मग कळलं. कोणी काय दिलं हे लिहून ठेवलं होतं, म्हणजे आपण बोलावू तेव्हा तेच त्यांना परत जायला नको.

मला रडू आलं. म्हणजे बराच वेळ आलं. उभा होतो तो खालीच बसलो. कांदा वगैरे काही चिरत नव्हतो, उगाच तसं लिहिण्यात अर्थ नाही.

धूळही खूप होती.

२९ ऑगस्ट, शुक्रवार, गणेश चतुर्थी

ऑफिसला सुट्टी टाकून गणपती बसवला. आरतीची सीडी लावली. टाळ्या एकट्याने वाजवल्या की आवाज फार येतो. इरा हॉस्टेलवरून येणार होती, तिला प्रोजेक्ट मीटिंग निघाली. एकोणिसाव्या वर्षी मुलं बिझीच असतात.

नवव्या मजल्यावरच्या मधुमती वहिनी मोदक घेऊन आल्या. विभा कधी येतेय, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं डावा गुडघा झाला, आता उजवा. त्या म्हणाल्या, भावजी, तुम्ही वाळलात. मी म्हटलं चालायला जातो.

उद्यापासून जायचंच.

१४ सप्टेंबर, रविवार

सहा सेट. द्राक्षांचा आग्रह सोडला आहे. द्राक्षं किंवा पानं.

विभाची ईमेल. माझा डिपेंडंट पास रद्द करून घे, मी दोनदा सांगितलंय, तुझ्या एचआरला फॉर्म द्यावा लागतो, फॉर्म जोडला आहे. पास म्हणजे माझ्या नोकरीवर तिला इथे राहायला मिळालेला परवाना. फॉर्म प्रिंट केला. काळ्या शाईने भरा असं वर लिहिलं आहे. घरात सगळी निळी पेनं.

२१ सप्टेंबर, रविवार

काळं पेन आणायचं राहिलं. आठ सेट. द्राक्षं, पानं किंवा तारे.

५ ऑक्टोबर, रविवार

टे अंकलनी सांगितलं होतं, पुलाउ उबीन बेटावर त्यांची चुलत बहीण राहते, तिच्या घरात जुनी काच आहे. गेलो. सायकल भाड्याने घेतली. आजींचं लाकडी घर सापडलं, पत्र्याचं छप्पर, दारात कोंबड्या. त्यांनी पलंगाखालून चार सेट काढले. चार. म्हणजे बारा पूर्ण. त्यांनी विचारलं, पार्टी? मी म्हटलं, बिग पार्टी.

खोकं सायकलच्या कॅरियरला बांधलं. आम्ही २००९ साली इथे आलो होतो तेव्हा विभाने सांगितलं होतं की उतारावर दोन्ही ब्रेक एकदम दाबू नकोस. ते आज आठवलं, पण दाबल्यानंतर.

तीन सेट धड. चौथ्याची ताटली गेली, कप राहिला.

जेटीवर मोटरबोट बारा माणसं जमल्याशिवाय सुटत नाही. आम्ही नऊच होतो. चाळीस मिनिटं मांडीवर खोकं घेऊन बसलो. नावाडी सारखा मोजायचा आणि नाही म्हणून मान हलवायचा. कोपराला खरचटलं आहे. बारा कप, अकरा ताटल्या. यात वाईट काही नाही. हळदीकुंकवात यजमानीण उभीच असते, तिला ताटली लागत नाही. कप विभाचा.

२२ ऑक्टोबर, बुधवार, दिवाळी

तीन महिन्यांचा अंदाज होता, साडेतीन झाले. ठीक आहे. बफर धरायला हवा होता.

इरा आली. पहाटे उटणं लावून अंघोळ मी एकट्याने उरकली होती, ती दहाला आली. विकतच्या चकल्या खाल्ल्या. काचेच्या सेटनी भरलेलं कपाट तिने उघडून बघितलं. मग म्हणाली, बाबा, शी इज नॉट कमिंग बॅक लाह. मी म्हटलं मराठीत बोल. तर म्हणाली, आई परत येणार नाहीये, बाबा. मराठीत ते जास्तच खोटं वाटलं.

तिला एका सेटमध्ये चहा दिला. आधी कपात चमचा ठेवायचा, मग गरम चहा ओतायचा, म्हणजे काच तडकत नाही. हे मला माझ्या आईने शिकवलेलं. इराने ताटली दोन्ही हातांनी धरली आणि चहा सगळा प्यायली. इट्स नाइस, बाबा, म्हणाली. डोळे लाल होते. हॉस्टेलवर जागरणं करतात.

९ नोव्हेंबर, रविवार

विभाला फोन लागला नाही. टे अंकलकडे जायचं तसं आता कारण नाही, तरी गेलो. उबीनला फुटलेल्या ताटलीचं सांगितलं. आय लुक लुक, म्हणाले. मग आपल्या थर्मासमधली कॉफी दिली, झाकणातून. त्यांची बायको जाऊन अकरा वर्षं झाली. पहिली दोन वर्षं रोज दोन कप बनवत होतो, असं म्हणाले. मी म्हटलं, माझी केस वेगळी आहे.

३० नोव्हेंबर, रविवार

मधुमती वहिनी लिफ्टमध्ये. दोन्ही गुडघे झाले ना आता? माणसाला गुडघे दोनच असतात, ही अडचण मी आधी लक्षात घेतली नव्हती. फिजिओथेरपी, असं सांगितलं.

मग लिफ्टमध्येच हळदीकुंकवाचं आमंत्रण दिलं. त्या थांबल्या. कुंकू कोण लावणार, भावजी? मी म्हटलं, विभा. त्यांनी लिफ्टचं दार हाताने अडवून धरलं आणि म्हणाल्या, विभा येतेय? किती छान. मी येईन की. आधी येऊन मदत करीन.

त्यांना इतका आनंद झाला की मलाही झाला.

७ डिसेंबर, रविवार

पाहुण्यांची यादी. अकरा बायका हव्यात. मला ओळखीच्या चार आठवल्या, त्यातली एक दातांची डॉक्टर. मधुमती वहिनींनी बाकीच्या जमवल्या. त्या सगळ्या विभाला ओळखतात. त्यांच्या घरी ती पंधरा वर्षं जाते आहे. मला त्यांची आडनावंही माहीत नाहीत.

४ जानेवारी २०१५, रविवार, सकाळी

विभाचा मेसेज. वाक्यं तशीच उतरवून ठेवतो: बावीस तारखेला येतेय, सुचित्राकडे उतरणार आहे. रविवारी पंचवीसला दुपारी चारला घरी येऊन माझे कपडे आणि पुस्तकं घेऊन जाईन. पास रद्द केलास का?

येतेय. मी म्हटलंच होतं.

सुचित्राकडे उतरणं बरोबर आहे. बुकित तिमाहला त्यांच्या कॉन्डोत स्विमिंग पूल आहे, प्रवासानंतर पाठीला चांगलं. कपडे घेऊन जाईन म्हणजे धुवायला. पुस्तकांचं नक्की कळलं नाही.

हळदीकुंकू पंचवीसला, चार वाजता. रथसप्तमीच्या आत बसतं. मीही तिला कार्यक्रमाची एक्सेल शीट ईमेल केली. चोवीस ओळी, प्रत्येक ओळीला जबाबदार व्यक्ती आणि तारीख. तिळगूळ: मी. बटाटेवडे: मी, लिटिल इंडियातून. चहा: मी. हळद, कुंकू, अत्तर, फुलं: मधुमती वहिनी. वाण: विभा. वाण यजमानीणच ठरवते, त्यात मी काय लुडबुड करणार.

११ जानेवारी, रविवार

शीट उघडल्याचं दिसत नाही. पुण्यात नेट स्लो असतं.

१८ जानेवारी, रविवार

तिळगुळाची पहिली बॅच. पाक पुढे गेला. वड्या ताटाला अशा बसल्या की ताटासकट टाकून द्याव्या लागल्या. दुसरी बॅच सैल. लाडू वळायला बसलो तर हातालाच राहिले. संक्रांतीला विभा दोनशे करायची, लोकांकडे न्यायला. मी टीव्ही बघता बघता खायचो.

तिळगूळही लिटिल इंडियातून.

२५ जानेवारी, रविवार, सकाळी सात

सगळं तयार. अकरा सेट टेबलावर, बारावा कप ओट्यावर. सोफा पुसला. दाढी केली. काळं पेन घेतलंच नाही हे आता किती बरोबर ठरलं.

आज रात्री इथे काय लिहीन ते मला आत्ताच माहीत आहे.

२५ जानेवारी, रविवार, संध्याकाळी आठ

क्रमाने लिहितो.

पावणेचारला मधुमती वहिनी आल्या, चारला एकेक करून बाकीच्या. जरीच्या साड्या, गजरे, अत्तर. माझ्या घराला असा वास कधीच नव्हता. हळदीकुंकवात पुरुषांचं काम नसतं, म्हणून मी स्वयंपाकघरात होतो. चहाचं आधण, कपांत चमचे.

चार वाजून वीस मिनिटांनी बेल. दारात विभा. जीन्स, कुर्ता, केस कापलेले. दोन हातांत दोन रिकाम्या सूटकेसेस. आत अकरा बायका एकदम म्हणाल्या, अगं काय हे, स्वतःच्याच घरी पाहुण्यासारखी उशिरा येतेस? आईचे गुडघे कसे आहेत? तिने माझ्याकडे बघितलं. मी स्वयंपाकघराच्या दारात चमचा घेऊन उभा होतो. आईचे गुडघे छान आहेत, ती म्हणाली. आत्ताच आले विमानातून, साडी नेसून येते.

सूटकेसेस आत नेल्या. दहा मिनिटांनी बाहेर आली ती हिरवी पैठणी नेसून. न्यायलाच आली होती ती.

मग दोन तास. मी आत उभा राहून चहा ओतत होतो आणि बाहेर ती बोलत होती. तिच्या शाळेत नववीच्या मुली मधल्या सुट्टीत लायब्ररीत येऊन पुस्तकात तोंड खुपसून झोपतात. तिने भाड्याने घर घेतलंय, दोन खोल्या, खिडकीत टेकडी. पहाटे चालायला जाते, चार मैत्रिणी झाल्यात, शनिवारी त्या तिच्याकडे जेवायला येतात. ती हसत होती. विभा मोठ्याने हसते. हे मला माहीत नव्हतं, किंवा होतं आणि गेलं होतं. यातलं बरंचसं तिने मला रविवारी फोनवर सांगितलेलं असणार. आज मी दोन तास मधे न बोलता ऐकलं. स्वयंपाकघरात दुसरं काही करताच येत नव्हतं.

बायका ताटल्या हातात धरून खात होत्या आणि कोणालाही कप कुठे ठेवू असं झालं नाही. एवढं मी दाराच्या फटीतून पाहिलं. मला वाटलं, जमलं. मनापासून वाटलं. घर भरलेलं होतं आणि ती त्यात उभी होती.

साडेसहाला निरोपाची वेळ. मधुमती वहिनी आत आल्या आणि हळूच म्हणाल्या, भावजी, वाण कुठे ठेवलंय? मी शीट दाखवली. ओळ चौदा: वाण, विभा. त्यांनी कपाळाला हात लावला.

विभा मागेच उभी होती. तिने शीट हातात घेतली. पूर्ण वाचली, चोवीसही ओळी. मग म्हणाली, वर्तमानपत्रं आहेत का घरात?

तिने स्वतः एकेक ताटली आणि कप धुतला, पुसला, कागदात गुंडाळला. मी म्हटलं, विभा, हे व्हिंटेज आहेत. ती म्हणाली, माहीत आहे, २००६ साली मीच तुला दाखवले होते. तिसऱ्या सेटला मी म्हटलं की हे मी तुझ्यासाठी जमवलेत. ती म्हणाली, हो. मग माझेच ना? आणि गुंडाळत राहिली. रागाने नाही. इतक्या हलक्या हाताने मी तिला कधी काही करताना पाहिलं नव्हतं. की बघितलंच नव्हतं, कोण जाणे.

बाहेर जाऊन प्रत्येकीला कुंकू लावून तिने वाण दिलं. सगळ्या हरखल्या. नंदा वहिनी म्हणाल्या, इतकं सुंदर वाण मला आजवर कोणी दिलं नाही. विभा म्हणाली, खूप वर्षांचं साठलं होतं.

अकरा बायका, अकरा सेट. मधुमती वहिनी शेवटी निघाल्या. दारात त्यांनी विभाचा हात धरला आणि सोडेनात. त्यांना कळलं असावं. बायकांना रिकाम्या सूटकेसेसवरून कळतं.

मग विभाने साडी बदलली, घडी घातली, सूटकेसेस भरल्या. मी विचारलं चहा घेणार का. ती म्हणाली, कशात? एकच कप होता, ओट्यावरचा, बिनताटलीचा. त्यात दिला. उभ्यानेच प्यायली. म्हणाली, चहा चांगला झालाय. मी म्हटलं आधी चमचा ठेवावा लागतो. ती म्हणाली, पद्मनाभ, आजचा दिवस फार छान गेला, खरंच. मला एकदा द्यायचं होतं, ते देऊन झालं.

मी विचारलं, थांबतेस? हे मी तिला याआधी कधीच विचारलं नव्हतं, चांगीवरसुद्धा नाही. तिचे डोळे भरले. नाही म्हणाली.

कप तिने धुतला आणि ओट्यावर उपडा ठेवला. टॅक्सीपर्यंत सूटकेसेस मी नेल्या.

२६ जानेवारी, सोमवार, सकाळी

चहासाठी कप उचलला. खाली तिचा डिपेंडंट पास होता. हिरवं कार्ड, फोटोत लांब केस.

चहा केला. कप टेकवायला ताटली नाही, म्हणून वाणाच्या खोक्यातली स्टीलची एक काढली, सुचित्रा, २०११. तिच्यावर कप घसरतो. हातातच धरून बसलो. पोळला, तरी.

१ फेब्रुवारी, रविवार

टे अंकलकडे गेलो. त्यांनी लांबूनच हात केला. उबीनच्या बहिणीकडून ताटली मागवली होती, द्राक्षांची. नाऊ ट्वेल्व कम्प्लीट, म्हणाले. मी म्हटलं, अंकल, नाऊ वन. त्यांनी थर्मास उघडला.

शेजारच्या प्लॅस्टिकवरून एक काळं पेन घेतलं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

फॉर्म भरला. रद्द करण्याचे कारण, असा एक रकाना आहे. आधी गुडघ्याचं लिहिलं. खोडलं. मग लिहिलं, की माझ्या पत्नीने मी परत येणार नाही असं मला चांगी विमानतळावर स्पष्ट सांगितलं होतं आणि ते मला ऐकू आलं होतं. तारीख, २८ जून २०१४.

एचआरच्या मुलीने वाचलं आणि म्हणाली, सर, इतकं लिहायचं नसतं, इथे फक्त टिक करायची. तिने नवा फॉर्म दिला. टिक केली.